नेरुळचा ग्लूटेन-फ्री केसीन-फ्री डबा: जेवण झकास, झोपेचं पॅकेज घेऊ नका

मुलगा सात वर्षांचा, ऑटिझम आहे, आणि गेले काही महिने आम्ही नेरुळमधून त्याच्यासाठी संध्याकाळचा डबा लावलाय. गहू नाही, दूध नाही, म्हणजे गव्हातलं प्रोटीन ग्लूटेन आणि दुधातलं प्रोटीन केसीन दोन्ही बंद. वाशीला महापालिकेच्या ईटीसी केंद्रात (दिव्यांग मुलांसाठीचं केंद्र) भेटलेल्या एका आईने बायकोला नंबर दिला होता. नाव लिहित नाही कारण तक्रारही करणार आहे आणि घरगुती धंदा आहे, पण नेरुळ-सीवूड्सच्या पालकांना विचारलंत तर लगेच कळेल.

आधी जेवणाचं, कारण ते खरंच चांगलं आहे. पहिल्या फोनवर डबा करणाऱ्या ताईंनी काय विचारावं? भाकरी कडक खातो का मऊ, गरम लागते का कोमट चालते, वरण भाताला लागलेलं चालतं का वेगळं हवं. एवढं आम्हाला भरपूर फी घेणाऱ्या डाएटिशियननेसुद्धा विचारलं नव्हतं, तिने सरळ छापील तक्ता हातात दिला होता ज्यात पालकाचं सूप होतं. आमचा पोरगा फक्त पांढरं आणि पिवळं खातो हो, वरण-भात, इडली, केळं, बटाट्याची भाजी, हिरवं दिसलं की ताटच उलटं. ताई कप्प्यांच्या डब्यात तळहाताएवढ्या ज्वारीच्या भाकऱ्या देतात, रोज त्याच मापाच्या, आणि आज गोल आणि उद्या वाकडी आली तर आमच्या घरात काय होतं ते ज्यांच्याकडे असं मूल आहे त्यांनाच कळेल. तांदळाचं घावन, भोपळ्याचं भरीत (पिवळं असल्यामुळे पास झालं), नारळाच्या दुधातली नाचणीची खीर, तिळाचे लाडू. खीर तर मीच चोरून खातो.

आणि पथ्य पाळायचं तर नीट पाळतात. बाजारातल्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा गव्हाचं पीठ किंवा मैदा असतो, म्हणजे घरात चपाती बंद करून फोडणीतून रोज गहू चालूच. थालीपिठाच्या भाजणीत गहू असतात, नाचणी बिस्किटाच्या पुड्यामागे बारीक अक्षरात मैदा पहिल्या नंबरला असतो, सोया सॉसमधे पण गहू. ताईंना हे सगळं तोंडपाठ आहे, भाजणी स्वतः करतात आणि हिंग तांदळाच्या पिठातला आणतात. पैसे महिन्याला साडेपाच हजार, एका वेळच्या डब्याला महागच आहे, पण एवढ्या उस्तवारीचे समजा.

आता झोपेचं. डबा सुरू झाल्यावर थोड्या दिवसांनी ताईंच्या ओळखीच्या एका ‘वेलनेस कोच’चा फोन आला की गहू-दूध बंद केलंच आहे तर झोपेचं पॅकेज पण घ्या, एकवीस दिवसांत मूल रात्रभर झोपेल. त्यात काय तर रक्ताची फूड इन्टॉलरन्स टेस्ट, दोन पावडरी आणि वजनदार ब्लँकेट. साहेब, नवी मुंबईच्या मे महिन्यात पाच किलोचं ब्लँकेट! आम्हाला झोपेची गरज नाही असं नाही, ऑटिझमच्या मुलांमधे निम्म्याहून जास्त जणांना झोपेचा त्रास असतो आणि आमचा त्यातलाच, रात्री दोनला उठून पंख्याची बटणं खालीवर करत बसतो आणि मग आम्ही दोघं आळीपाळीने जागतो. म्हणूनच असे फोन आले की माणूस हो म्हणून टाकतो. आम्ही आधी डेव्हलपमेंटल पिडीला, म्हणजे मुलांच्या विकासाच्या डॉक्टरांना विचारलं आणि मी स्वतः रात्री जागाच असतो तर वाचत बसलो.

कोचचं म्हणणं असं की गहू आणि दुधातल्या प्रोटीनचे तुकडे पोटातून रक्तात जातात आणि मेंदूवर अफूसारखं काम करतात. ही थिअरी जुनी आहे, १९७९ सालापासून फिरतेय, पण तिच्यावरून झोप सुधारते असं काही सिद्ध झालेलं नाही. अमेरिकेत रोचेस्टर युनिव्हर्सिटीने २०१६ मधे एक अभ्यास छापला, तीन ते पाच वर्षांची १४ मुलं, सगळ्यांना आधी कडक पथ्यावर ठेवलं आणि मग खाऊमधून कधी गहू, कधी दूध, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असं लपवून दिलं, घरच्यांनाही माहीत नाही कधी काय. झोप, शी, वागणं, कशातच फरक नाही. मुलं चौदाच होती हे खरं, पण कोचकडे तर तेवढंही नव्हतं, फक्त व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट होते. ब्लँकेटचं पण तसंच, २०१४ मधे इंग्लंडमधे ६७ मुलांवर ट्रायल झाली, मुलांना ब्लँकेट आवडलं, आईबापांना आवडलं, झोप काही वाढली नाही. आणि त्या इन्टॉलरन्स टेस्टमधे जे आयजीजी (रक्तातल्या एक प्रकारच्या अँटीबॉडी) मोजतात त्यावरून पथ्य ठरवू नका असं अॅलर्जीवाल्या डॉक्टरांच्या संघटनाच सांगतात.

पण मजा अशी की आमच्याकडे झोप थोडी सुधारली. रात्री उठतो अजून, पण झोपायला जाताना जी दोन तासांची कुस्ती व्हायची ती कमी झाली. ताई म्हणतात बघा, गहू गेला! मला तसं वाटत नाही. डबा सातला येतो, रविवार सोडून रोज, त्याच डब्यात, म्हणून जेवण सातला होतं, पूर्वी मी ऑफिसमधून आल्यावर साडेनवाला व्हायचं आणि समोर मोबाईल. दूध बंद म्हणून रात्रीचं चॉकलेटवालं दूध बंद, आणि आजी बशीत ओतून द्यायची तो चहाही बंद कारण त्यात पण दूध (आजी अजून नाराज आहेत). नाचणी आणि भोपळ्याने पोट साफ व्हायला लागलं, आधी तीन-तीन दिवस कुंथायचा आणि पोटात दुखत असेल तर कोण झोपेल. म्हणजे एकदम पाच गोष्टी बदलल्या आणि क्रेडिट सगळं गव्हाला. यातल्या चार गोष्टी चपाती खाऊनही करता येतात.

डॉक्टरांनी पण तेच सांगितलं की आधी बद्धकोष्ठ, घोरणं वगैरे बघायचं, मग झोपेची वेळ आणि सवयी, आणि त्याने नाही भागलं तर मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन), ते पण त्यांनी डोस ठरवूनच. अमेरिकन अॅकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीची २०२० ची गाईडलाईन याच क्रमाने आहे. आमच्या पोराचं फेरिटिन, म्हणजे शरीरातला लोहाचा साठा, तपासलं तर कमी निघालं, लोह कमी असेल तर पाय हलवत अस्वस्थ झोपतात मुलं, त्याचं औषध चालू आहे. कोचच्या टेस्टमधे हे नव्हतंच.

ज्यांना डबा लावायचा आहे त्यांनी दोन गोष्टी आधी करा. सिलिअॅकची (ग्लूटेनमुळे आतड्याला होणारा आजार) रक्ततपासणी गहू बंद करायच्या आधी करून घ्या, कारण गहू सुटल्यावर ती टेस्ट खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि दूध बंद करणार असाल तर कॅल्शियम कुठून येणार ते डॉक्टरांशी बोलून ठरवा. १०० ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम असतं, पण आमच्यासारखा तीन चमचे खीर खाणारा असेल तर तो आकडा कागदावरच राहतो. आम्ही ताईंशी बोलून दही परत सुरू केलंय, त्यांनी जरा तोंड वाकडं केलं पण डबा चालू आहे.

जेवणाला पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो रविवारच्या सुट्टीचा, कारण आमच्याकडे रविवार म्हणजे दिवसभर डबा कुठाय, डबा कुठाय. पॅकेजला शून्य. आणि लावण्याआधी दोन दिवसांचा ट्रायल डबा मागा, देतात, फक्त मुलाचा स्वतःचा डबा पाठवा म्हणजे नवीन डब्यावरून पहिल्याच दिवशी रडारड नको.