रक्तपेढीचं सॉफ्टवेअर: कुलूप पक्कं, तारखा कच्च्या

मध्यम रुग्णालयाच्या रक्तपेढीसाठीचं हे सॉफ्टवेअर. नाव घेत नाही, कारण बाजारातली बरीचशी याच साच्यातली आहेत.

पैसे वसूल होतात ते क्वारंटाइनच्या, म्हणजे तपासणी होईपर्यंत पिशवी अडवून ठेवणाऱ्या, कुलपात. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, सिफिलिस, मलेरिया या पाचही तपासण्यांचे निकाल भरून दुसऱ्या तंत्रज्ञाने मंजूर केल्याशिवाय पिशवी साठ्यात दिसतच नाही, इश्यू होणं तर दूरच. रजिस्टरवर हेच काम लाल पेनाच्या खुणेवर चालतं, आणि रात्रपाळीत ती खूण राहून जाते. एवढ्यासाठीसुद्धा घ्यावं.

रक्तगटाचा पडदा मात्र अर्धवट आहे. रिव्हर्स ग्रुपिंगला (सीरममध्ये ठरावीक गटाच्या पेशी घालून केलेली उलट तपासणी) ए आणि बी पेशींचेच रकाने. ओ पेशींचा नाही. त्यामुळे बॉम्बे गट (ओ पेशींशीही प्रतिक्रिया देणारा दुर्मिळ गट) सरळ 'ओ' म्हणून पास होतो. १९५२ साली मुंबईतच नोंदला गेलेला हा गट, आणि यादीत त्याला जागा नाही! असा रुग्ण आला की ओ रक्ताचं क्रॉसमॅच (रुग्णाच्या आणि पिशवीतल्या रक्ताची जुळणी) जुळत नाही आणि मग सगळी धावपळ. तिसरा रकाना आणि नववा गट आधीच घालून घ्या.

खरी गोची एक्सपायरीची. सॅगम या टिकवण्याच्या द्रावणातल्या रेड सेल (लाल पेशी) ४२ दिवस, सीपीडीए-१ या रक्त गोठू न देणाऱ्या द्रावणातलं होल ब्लड (घटक वेगळे न केलेलं रक्त) ३५, प्लेटलेट ५. मोजणी रक्त घेतल्या दिवसापासून व्हायला हवी. इथे ती घटक वेगळे केल्याच्या तारखेपासून होते. संध्याकाळच्या शिबिराच्या पिशव्या मध्यरात्रीनंतर सेंट्रिफ्यूजमधून निघाल्या की सगळ्यांना एक दिवस फुकट वाढवून मिळतो. सील उघडून धुतलेल्या रेड सेलची मुदत २४ तासांवर यायला हवी, तीही आपोआप येत नाही. विक्रेत्याला मूळ सेटिंग बदलायला लावा. 'हाताने दुरुस्त करा' हे उत्तर ऐकून घेऊ नका.

सोबत मिळणारा साधा थर्मल प्रिंटर नाकारा. फ्रीजमधून काढलेल्या पिशवीवर दव धरतं, कागदी लेबल सुटतं, बारकोड पुसट होतो. रिबनवाला प्रिंटर आणि प्लास्टिकची लेबलं लागतात. ट्रिपल बॅगला एकाच नंबराचे किमान सहा स्टिकर हवेत: तीन पिशव्या, दोन ट्यूब, एक फॉर्म. हे चारच छापतं. उरलेले दोन नंबर हाताने लिहिले जातात, आणि ३ चा ८ तिथेच होतो.

सरकारच्या ई-रक्तकोष पोर्टलला साठा आपोआप जात नाही, पुन्हा टाइप करावा लागतो. रोज अर्धा तास धरा.

सुरुवातीचा महिनाभर मास्टर रजिस्टर बंद करू नका. रोज सकाळी फ्रीजमधल्या पिशव्या मोजून पडद्यावरच्या आकड्याशी ताडा. फरक निघाला तर आधी 'परत आलेल्या' पिशव्या बघा. वॉर्डातून परत आलेली पिशवी इथे तापमान न विचारताच साठ्यात जमा होते.