गिरगावचा हेरिटेज वॉक : साडेतीन स्टार, त्यातला एक आत्याचा

मागच्या रविवारी आत्याला घेऊन गिरगावचा हेरिटेज वॉक केला, माणशी 900 रुपये, साडेतीन तास, सोबत कानात घालायचं यंत्र आणि शेवटी कटिंग चहा. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही कारण थोड्या तक्रारी आहेत आणि पोरं कष्टाळू आहेत, उगाच कोणाच्या पोटावर पाय नको.

आत्या जन्मापासून लग्नापर्यंत गिरगावातल्या चाळीत राहिली, आता डोंबिवलीला असते. तिला म्हटलं चल तुझं गिरगाव बघायला तिकीट काढलंय, तर पहिला प्रश्न, "माझंच गिरगाव बघायला मी पैसे द्यायचे?" तरी आली. सव्वासातला चर्नी रोड स्टेशनच्या पूर्वेला आम्ही दोघं हजर, गाईड पावणेआठला. एकूण आम्ही अठरा जण, त्यातले निम्मे नुसते फोटोवाले.

आधी चांगलं सांगतो. गाईड मुलाचा अभ्यास आहे. प्रार्थना समाजाच्या देवळासमोर उभं करून त्याने 1867 ची स्थापना, डॉ. आत्माराम पांडुरंग, मग रानडे, भांडारकर हे सगळं नीट उलगडून सांगितलं. मी आयुष्यभर 'प्रार्थना समाज' हे बसस्टॉपचं नाव म्हणूनच वापरलंय हो, कंडक्टर ओरडायचा आणि आपण उतरायचं, आत कधी डोकावलो नव्हतो. आणि आर्य समाजसुद्धा 1875 मध्ये इथे गिरगावातच स्थापन झाला हे तर मला माहीतच नव्हतं, मी आपला पंजाबचा समजत होतो. नाना शंकरशेट यांनी आपल्या वाड्यात मुलींच्या शाळेला जागा दिली, तेही ज्या काळात मुलगी शिकली की नवरा मरतो असं लोक खरंच मानायचे, ते त्याने सुंदर सांगितलं, आवाज न चढवता.

सँडहर्स्ट रोडवर, म्हणजे आताच्या एस. व्ही. पी. रोडवर, कोरोनेशन थिएटर होतं. 3 मे 1913 ला दादासाहेब फाळक्यांचा पहिला चित्रपट 'राजा हरिश्चंद्र' तिथे लागला. आता बघायला काहीच नाही, ट्रॅफिक आणि हॉर्न. त्यात कानातलं यंत्र बरोबर इथेच खरखरायला लागलं, माझ्या कानात अर्धा फाळके आणि अर्धा कुठलातरी रेडिओ. पण तारामतीच्या कामाला बाई मिळेना म्हणून ग्रँट रोडच्या हॉटेलात स्वयंपाक करणाऱ्या अण्णा साळुंके यांना उभं केलं, हा किस्सा त्याने रंगवून सांगितला, लोक खूश. आत्या हळूच मला म्हणते, "आणि सगळ्या युनिटचा स्वयंपाक सरस्वतीबाई करत होत्या ते नाही सांगितलं याने." बरोबर आहे तिचं. पडद्यावरच्या बाईचं काम आचाऱ्याने केलं आणि आचाऱ्याचं काम फाळक्यांच्या बायकोने, हा विनोद त्या पोराच्या हातून निसटला.

इथून माझी खरी तक्रार सुरू होते. सगळा वॉक म्हणजे थोर माणसांची रांग. अमुक यांनी स्थापन केलं, तमुक यांनी भाषण केलं, पाटी बघा, फोटो काढा, चला पुढे. केशवजी नाईकांच्या चाळीत पोचलो तिथे घड्याळ लावून सात मिनिटं! 1893 पासून सार्वजनिक गणपती आहे तिथे, टिळक स्वतः येऊन गेलेत, आणि मूर्ती आजही लहानच आणतात. एवढं बोलून गाईड निघाला. अरे बाबा, गणपती 'सार्वजनिक' झाला म्हणजे नेमकं काय झालं, पैसे कुठून आले, मांडव कोणी घातला, ते सांग ना. तो प्रश्न कोणी विचारला नाही, म्हणून आत्याने उत्तर दिलं.

म्हणाली, "वर्गणी." बस. मग थांबलीच नाही. तिच्या चाळीत खोलीमागे वर्गणी ठरलेली असायची, कमिटीची दोन माणसं पावती पुस्तक घेऊन संध्याकाळी मजल्यामजल्यावर फिरायची, आधी तळमजला मग वर, आणि विसर्जन झालं की आठ दिवसांत जमाखर्च जिन्याखालच्या फळ्यावर खडूने लागायचा. नारळ किती, पेट्रोमॅक्सचं भाडं किती, नाटकाच्या ड्रेपरीला किती. एका वर्षी 3 रुपये 40 पैशांचा हिशोब लागेना म्हणून चाळीची मीटिंग रात्री दीडपर्यंत चालली, आणि तिच्या वडिलांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, ते शेवटी खिशातून घातले आणि वर चार महिने खजिनदाराशी बोलले नाहीत. हे ती गॅलरीच्या कठड्यावर हात ठेवून सांगत होती आणि सगळा ग्रुप गाईडला सोडून तिच्याभोवती गोळा. गाईड तिला "आजी, आपल्याला उशीर होतोय" म्हणाला. त्यावर ती, "आजी कोणाची रे, काकू म्हण."

मला तेव्हा जाणवलं की या वॉकमध्ये हेच नाहीये. मुंबईने देशाला काय दिलं तर सभा, संस्था, नाटक, सिनेमा, संप सगळं दिलं, मान्य, पण ते दोन खोल्यांत आठ माणसं राहणाऱ्यांनी पावत्या फाडून चालवलं. घरात जागा नव्हती म्हणून लोक गॅलरीत, गॅलरीतून पटांगणात, पटांगणातून चौपाटीच्या सभेला. केळेवाडीत साहित्य संघासमोर तर गाईडने फक्त "1935 ची संस्था, डॉ. भालेराव" एवढं सांगून रस्ता क्रॉस करायला लावला. मराठी नाटकाचं एवढं मोठं घर ते! खोताच्या वाडीला मात्र पंचवीस मिनिटं, कारण ईस्ट इंडियनांची, म्हणजे इथल्या मूळच्या ख्रिस्ती लोकांची, लाकडी घरं फोटोत छान येतात. घरं सुंदर आहेत यात वाद नाही, पण लोक तिथे राहतात हो, एका मॅडमने चक्क कोणाच्या तरी ओट्यावर बसून रील काढलं आणि गाईड गप्प. इथे अर्धा स्टार कापला.

ऑपेरा हाऊस बाहेरूनच दाखवतात, हे बुकिंगच्या वेळी लिहिलेलं नाही, लक्षात ठेवा.

तिथून नाना चौकाकडून गवालिया टँकपर्यंत चालवत नेतात. ज्येष्ठांना हा टप्पा जड जातो, आम्ही टॅक्सी केली. तिथल्या गोकुळदास तेजपाल संस्कृत कॉलेजात 28 डिसेंबर 1885 ला काँग्रेसचं पहिलं अधिवेशन झालं, 72 प्रतिनिधी, अध्यक्ष व्योमेशचंद्र बॅनर्जी. मुळात ते पुण्याला व्हायचं होतं पण तिथे कॉलऱ्याची साथ आली म्हणून मुंबईला आणलं. ग्रुपमध्ये एक सदाशिव पेठेतले काका होते, ते लगेच, "नाहीतर आमच्याकडेच होतं." होतं, काका, होतं. आणि तिथून जवळच ते मैदान जिथे 8 ऑगस्ट 1942 ला 'चले जाव'चा ठराव झाला आणि दुसऱ्या दिवशी धरपकडीनंतर अरुणा असफ अली यांनी झेंडा फडकवला. दोन्ही जागा एवढ्या जवळ, मध्ये 57 वर्षं. हा भाग गाईडने अप्रतिम केला, मैदानाच्या कडेला सावलीत बसवून, शांतपणे, कोणाला फोटोची घाई नाही. इथे पोरं क्रिकेट खेळत होती, बॉल दोनदा आमच्यात आला, त्याने तो परत टाकत टाकत 1942 सांगितलं. हा एवढा अर्धा तास 900 रुपयांतले 500 वसूल करतो.

चहा थंड होता.

शेवटी गाईड आत्याजवळ आला, खरंच नम्रपणे, म्हणाला काकू पुढच्या वेळी केशवजी नाईकांच्या चाळीत तुम्हीच बोलाल का, अर्धा तास देतो. आत्या म्हणाली येईन, पण फुकट नाही, आणि पैसे दिलेस की पावती फाडायची. तो हसला, तिने पर्स उघडून पेन काढलं होतं.

जायचं तर पावसाळा सोडून आणि सकाळचीच बॅच घ्या. स्वतःचे इअरफोन न्या, यंत्राला साधी पिन लागते.