पाच दिवसांतले अडीच तास वसूल

सांगलीत एका खासगी संस्थेनं पोलीस अधिकाऱ्यांसाठी घेतलेला पाच दिवसांचा व्यवस्थापन वर्ग करून मला तीन महिने झाले. लिहायला मुद्दाम उशीर केला. शेवटच्या दिवशी चहाबरोबर अभिप्रायाचे फॉर्म वाटले तेव्हा मीही सगळीकडे 5 पैकी 5 देऊन मोकळी झाले होते. ठाण्यातून तीन फोन येऊन गेलेले, गाडी खाली उभी. विचार करत कोण बसतंय?

मी सपोनि, म्हणजे सहायक पोलीस निरीक्षक, नदीकाठच्या एका ठाण्याची प्रभारी. वर्गात सांगली, सातारा, कोल्हापूरचे मिळून तीसेक सपोनि आणि पीआय, म्हणजे पोलीस निरीक्षक.

पहिले दोन दिवस सोडून द्या. रंगीत चिठ्ठ्या भिंतीला चिकटवा, शीतपेयाच्या कंपनीनं बाजार कसा मारला ते ऐका. आपत्तीच्या तासाला अमेरिकेतल्या वादळाची चित्रफीत. समोर निम्मे लोक 2019 च्या ऑगस्टमध्ये पूर-बंदोबस्ताला उभे राहिलेले! सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी 45 फूट, तेव्हा पाणी 57 च्या वर गेलेलं. म्हैस सोडून होडीत न बसणाऱ्या म्हाताऱ्याला कसं काढलं, हे सांगणारी माणसं गप्प बसून 'स्टेकहोल्डर' लिहून घेत होती. मागून एक पीआय पुटपुटले, "म्हस कशात धरायची?"

तिसऱ्या दिवशी दुपारी एक निवृत्त अधिकारी आले आणि प्रत्येकासमोर टपालाचा गठ्ठा ठेवला. 22 कागद, 45 मिनिटं. बोलायचं नाही. प्रत्येक कागदावर शेरा मारायचा, कुणाकडे द्यायचा ते लिहायचं. एका गुन्ह्यात रिमांडचा 58 वा दिवस. 60 व्या दिवसापर्यंत दोषारोपपत्र गेलं नाही तर आरोपीचा जामिनाचा हक्क. एका फिर्यादी बाईंचा अर्ज, 90 दिवस होत आले, तपास कुठंवर आला ते कळवलेलं नाही. शांतता समितीची बैठक. एका हवालदाराचा रजेचा अर्ज, मुलीचं ऑपरेशन. दोषारोपपत्र मी सगळ्यात वर घेतलं, रजेवर 'समक्ष चर्चा करावी' लिहून तळाला सरकवलं. खूश होते.

"हा हवालदार आज रात्री कुठं आहे?" सरांनी विचारलं. गठ्ठ्यात रात्रीच्या गार्डचा हुकूमही होता. बक्कल नंबर, म्हणजे पोलिसाचा ओळख क्रमांक, तोच. आणि दोषारोपपत्राची कागदपत्रं जुळवणाराही तोच. तीन कागद, माणूस एक. तिसांपैकी एकाच्याच हे लक्षात आलं होतं. तो मी नव्हे. पुढचा पाऊण तास नुसता त्या तीन कागदांवर गेला, आणि कुणी घड्याळाकडे बघितलं नाही. 2016 मध्ये मुंबईत देवनार ठाण्यात आठ तासांची पाळी सुरू झाली, तिची आखणी ठाण्यातल्याच एका कर्मचाऱ्यानं मांडलेली होती, हेही सरांनी तेव्हाच सांगितलं.

चौथ्या दिवशी प्रशिक्षण मोजायच्या चार पायऱ्या शिकवल्या, डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी 1959 मध्ये मांडलेल्या: आवडलं का, शिकलात का, वागणं बदललं का, कामात फरक पडला का. संस्थेनं स्वतः पहिलीच पायरी मोजली. तीन महिन्यांत एक फोन नाही. आणि फोन करायचाच तर मला कशाला, माझ्या ठाण्यात करा.

माझ्यापुरतं सांगते. हजेरीच्या टेबलावर आता रजेची वेगळी वही आहे. अर्ज आला की त्याच दिवशी हो किंवा नाही, आणि 'नाही' असेल तर कारण माझ्या अक्षरात. गणपतीत ती वही चार दिवस उघडली नाही, हे कबूल. तपासाच्या तारखांचा फळा सुरू केला होता, तो मात्र पंधरा दिवसांत बंदोबस्ताच्या याद्यांखाली गेला.

खात्यानं पाठवलं तर जा. निवड तुमच्या हातात असेल तर टपालाचा तास आहे का, तो कोण घेणार, एवढं विचारा. जेवण चांगलं असतं.

परवा ठाण्याची हजेरी सांभाळणाऱ्या हजेरी मेजरना विचारलं, वर्ग करून आल्यापासून काही फरक वाटतो का. ते वहीत बघत म्हणाले, "रजेचं बरं झालंय मॅडम. ओरडणं तेवढंच हाय."