नोलन रायन की ग्रेग मॅडक्स?

बेसबॉलमध्ये सुरू केलेला सामना स्वतःच संपवणारा पिचर (चेंडू टाकणारा खेळाडू) अभ्यासायचा, तर कुणाचे जुने सामने पाहू, असं पुतण्याने विचारलं.

पूर्ण सामने: रायन 222, मॅडक्स 109. पण या आकड्यावर जाऊ नकोस. रायनच्या काळात पिचरला इतक्या लवकर कुणी बाहेर बोलवत नसे.

खरा फरक चेंडूंच्या खर्चात. रायनचे स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद केलेले फलंदाज) 5,714, वॉकही (चार चुकीच्या चेंडूंमुळे फलंदाजाला फुकट मिळालेला पहिला बेस) 2,795. दोन्हींत चेंडू भरमसाट जातात. मॅडक्सचे वॉक फक्त 999. 22 जुलै 1997 ला शिकागो कब्सविरुद्धचा अख्खा सामना त्याने 80 पेक्षा कमी चेंडूंत उरकला! फलंदाजाने मारावं, पण धड लागू नये, एवढीच कारागिरी.

चिवट दोघेही: रायन 27 हंगाम खेळला, मॅडक्स 23.

खांद्यात उपजत वेग असेल तर रायन बघ. तुझ्यासारख्या मध्यम वेगवाल्याने मॅडक्सच.