विकायला काढलेलं घर परस्पर किरायाने चढतं तेव्हा

मालक पुण्याला नाहीतर परदेशात, आईवडील गेल्यापासून नागपुरातलं मानेवाडा, बेसा किंवा झिंगाबाई टाकळीकडचं घर बंद, फाटकावर 'विकणे आहे' अशी पाटी आणि खाली मोबाईल नंबर. एवढं दिसलं की काही लोकांचा धंदा सुरू होतो. ते घर विकत घेत नाहीत आणि फोडतही नाहीत. ते घर किरायाने देतात.

पद्धत ठरलेली असते. आधी एक जण गिऱ्हाईक म्हणून फोन करतो. मालक दूर असतो, म्हणून म्हणतो, "शेजारच्या काकांकडे चावी आहे, बघून घ्या." पाहणाऱ्याच्या हातात चावी अर्धा तास राहते. रस्त्याच्या कडेला बसणाऱ्या चावीवाल्याला नक्कल कापायला तेवढा वेळ पुरतो. साध्या कुलपाच्या चावीचा समोरून घेतलेला स्पष्ट फोटोही अनेकदा चालतो. मग विक्रीच्या जाहिरातीतलेच फोटो उचलून 'किरायाने देणे आहे' अशी जाहिरात टाकली जाते. आजूबाजूला 15,000 किराया चालू असेल तर इथे 11,000 सांगतात, म्हणजे बघणारा घाई करतो. पाहणीच्या तासापुरती फाटकावरची पाटी काढून ठेवलेली असते. दोन महिन्यांचा डिपॉझिट आणि एक महिना आगाऊ घेतला जातो, मुद्रांकावर नोटरीचा अकरा महिन्यांचा करार होतो आणि चावी दिली जाते. कधीकधी एकाच घराचा डिपॉझिट तीन-चार कुटुंबांकडून घेतात. सामानाचा टेम्पो घेऊन जो आधी पोहोचतो तो आत राहतो आणि बाकीचे फाटकावर भांडतात.

मालकाला हे कळतं तेव्हा घरात लेकरंबाळं असलेलं एक कुटुंब असतं, त्यांच्याकडे कागद असतो आणि पैसे दिल्याचा पुरावाही असतो. पोलिस ठाण्यात अनेकदा "हे दिवाणी प्रकरण आहे" असं ऐकायला मिळतं. मालक चिडून स्वतःच कुलूप तोडायला निघतो, आणि तिथून त्याची बाजू बिघडत जाते. ते टाळण्याबद्दल पुढे लिहिलं आहे, पण आधी चावीबद्दल. नव्वद टक्के बंदोबस्त चावीचा असतो, हे आमचं ठाम मत आहे.

बाहेरून कुलूप लागेल असं दार संपूर्ण घराला एकच ठेवा. मागचं दार, बाजूच्या बोळाचं दार आणि जिन्याच्या टॉवरचं गच्चीवर उघडणारं दार हे सगळे आतून बंद करा: वर-खाली दहा इंची टॉवर बोल्ट आणि मधे आडवा अडसर. गच्चीच्या दाराकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. गुंठेवारीतल्या ले-आऊटमध्ये मार्जिन न सोडता बांधलेली घरं असतात, तिथे एका स्लॅबवरून दुसऱ्या स्लॅबवर सहज उतरता येतं, आणि टॉवरचं दार सहसा पातळ पत्र्याचं असतं.

समोरच्या दाराला मोठं महागडं कुलूप आणि कोयंडा मात्र दीड इंची स्क्रूवर, हे दृश्य फार आहे. पहार लावली की कुलूप शाबूत राहतं आणि कोयंडाच लाकडासकट बाहेर येतो. कोयंड्याला दारातून आरपार जाणारे 8 मिलिमीटरचे बोल्ट लावा. गोल घुमटी डोकं बाहेर, वायसर आणि नट आत. चौकट लोखंडी असेल तर वेल्डिंग करून घ्या. दारातल्या कुलपाचं सिलिंडर, म्हणजे चावी फिरते तो मधला भाग, तेवढं बदलता येतं, त्यासाठी पूर्ण कुलूप काढायची गरज नसते. दाराची जाडी आणि मधल्या स्क्रूपासून दोन्ही टोकांचं अंतर मोजून दुकानात न्यायचं. खड्ड्यांची, म्हणजे लोक जिला कॉम्प्युटर की म्हणतात ती चावी घ्या, आणि नक्कल करायला कार्ड लागतं असंच मॉडेल घ्या. घर विकायला काढलं त्याच आठवड्यात सिलिंडर बदला. जुन्या चाव्या मोलकरीण, दूधवाला, गेल्या वर्षीचा पेंटर अशा कितीजणांकडे राहून गेल्यात हे कुणालाच सांगता येत नाही.

चाव्या मोजून ठेवा. एक मालकाकडे, एक एकाच विश्वासू माणसाकडे, बाकी बँकेच्या लॉकरमध्ये. दलालाला चावी द्यायची नाही, तो कितीही ओळखीचा असला तरी. दाखवायला विश्वासू माणूस स्वतः जाईल, कुलूप स्वतः उघडेल, स्वतः लावेल आणि चावी त्याच्याच खिशात राहील. दलाल 'आमचा रेरा नंबर आहे' म्हणतात. रेरा म्हणजे स्थावर संपदा नियमन कायदा. तो नंबर नोंदणीकृत प्रकल्पांतल्या व्यवहारांसाठी असतो, तुमच्या वडिलांनी बांधलेल्या जुन्या घराच्या विक्रीत त्याचं काही संरक्षण मिळत नाही.

शेजाऱ्यांना एकच वाक्य सांगून ठेवा: "साहेबांनी पाठवलंय" असं कुणीही म्हटलं तरी आधी मला फोन. शेजारी मदत करायला तयार असतात, पण घर विकलं गेलं की किरायाने दिलं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. टेम्पो आला की ते समजतात, दिलं असेल.

पाटीचंही तसंच. 'विकणे आहे'च्या खाली ठळक अक्षरांत लिहा: 'किरायाने देणे नाही. कोणी पैसे मागितल्यास या नंबरवर कळवा.' हेच वाक्य छापून आत हॉलच्या भिंतीवर आणि स्वयंपाकघराच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा, कारण बाहेरची पाटी ठग काढतात. दोन-तीनशे रुपयांचा हा उपाय कॅमेऱ्यापेक्षा जास्त काम करतो. जाहिरातीतल्या फोटोंवर तोच मजकूर मधोमध टाका. कोपऱ्यातला कापला जातो. घर क्रमांक आणि फाटक ओळखू येईल असा फोटो टाकू नका. आठवड्यातून एकदा आपल्याच वस्तीतल्या किरायाच्या जाहिराती चाळा, स्वतःचं घर दिसतं का ते बघायला.

नागपुरी घराची एक खास कमजोरी म्हणजे कूलरची खिडकी. कूलर बसावा म्हणून तिथली ग्रिल कापलेली असते किंवा मुळात लावलेलीच नसते. लोखंडी स्टँडवरचा डेझर्ट कूलर बाहेर ओढला की माणूस आरामात आत जातो, आणि पावसाळ्यात कूलर काढून लावलेली प्लायवुडची फळी तर लाथेत जाते. घर रिकामं राहणार असेल तर कूलर आत घ्या आणि त्या खिडकीला 10 किंवा 12 मिलिमीटर चौकोनी सळईची ग्रिल बसवा, सळयांत चार इंचांपेक्षा जास्त अंतर नको. ग्रिल बाहेरून स्क्रूवर बसवू नका. भिंतीत अँकर फास्टनर घालून वरून वेल्डिंगचा टिपका मारून घ्या.

कॅमेरा लावायचाच तर पहिला हॉलच्या आत लावा. फाटकावरचा कॅमेरा दिवसभर गाई आणि भाजीवाले दाखवतो, आतला मात्र घर कोण कुणाला दाखवतंय ते सांगतो. सिमकार्डवर चालणारा घ्या आणि चित्रण बाहेर साठवलं जाईल असं बघा. नुसत्या मेमरी कार्डवर विसंबलात तर कॅमेऱ्यासोबत पुरावाही जातो. बाहेरचा कॅमेरा पश्चिमेच्या भिंतीवर नको. मे महिन्यात 45 अंशांच्या उन्हात स्वस्त बॅटरी फुगते.

वीज पूर्ण तोडून टाकायचा सल्ला काही जण देतात. आम्ही देणार नाही. अंधारं घर रिकामं असल्याचं सांगतं, आणि मीटर हे फार चांगलं पहारेकरी आहे. महावितरणच्या ग्राहक क्रमांकाला स्वतःचा मोबाईल जोडा. उजेड गेला की आपोआप लागणारा 9 वॅटचा बल्ब, कॅमेरा आणि राऊटर मिळून महिन्याला साधारण 15 युनिट होतात. बिल 40 युनिटांवर गेलं की घरात कुणीतरी आहे किंवा शेजारून तार ओढली आहे. फक्त एवढ्या तीन गोष्टींचा सर्किट चालू ठेवून बाकीचे एमसीबी पाडून ठेवा. चोर उरलेच, तर ते बोअरची मोटर, एसीच्या बाहेरच्या युनिटमधलं तांबं, पितळी नळ आणि चेंबरची झाकणं कबाड्याकडे नेतात. मोटर आणि इन्व्हर्टरची बॅटरी आधीच काढून नातेवाइकाकडे ठेवलेली बरी. पाण्याचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करून टाकी रिकामी करा, आणि दर पंधरा दिवसांनी प्रत्येक मोरीत मगभर पाणी ओता. उन्हाळ्यात मोरीच्या ट्रॅपमधलं पाणी सुकतं, गटाराचा वास आणि झुरळं वर येतात, आणि वास असलेलं घर गिऱ्हाईक पाच मिनिटांत नाकारतं.

आता दुसरी फसवणूक. ही खऱ्या गिऱ्हाइकाच्या वेशात येते. इसार दिला जातो, इसारचिठ्ठी होते, मग "मुहूर्त चांगला आहे, रंगरंगोटी सुरू करू द्या" किंवा "सोफा तेवढा ठेवतो" अशी विनंती येते. चावी दिली की रजिस्ट्री पुढे पुढे ढकलली जाते, भाव कमी करण्याची बोलणी सुरू होतात, आणि विकणाऱ्याच्या हातात काही उरत नाही. नोंदणी न झालेल्या करारावर ताबा राखण्याचं संरक्षण 2001 च्या दुरुस्तीनंतर मिळत नाही हे खरं, पण त्याला बाहेर काढायला कोर्टातच जावं लागतं. चावी रजिस्ट्रीच्या दिवशी, पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्यावर, त्याआधी नाही. इसार रोखीत घेऊ नका. स्थावराच्या व्यवहारात 20,000 रुपये किंवा त्याहून जास्त आगाऊ रक्कम रोख घेतली तर तेवढाच दंड घेणाऱ्यावर लागू शकतो.

कागदांच्या झेरॉक्स देतानाही हात आखडता घ्या. रजिस्ट्री, आखीव पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड), कराची पावती आणि आधार-पॅन एकत्र मिळाले की खोटं मुखत्यारपत्र तयार करायला सामग्री पूर्ण होते. प्रत्येक पानावर आडवं लिहा: 'केवळ पाहणीसाठी', घेणाऱ्याचं नाव, तारीख. आधारची प्रत पहिले आठ आकडे झाकलेली द्या आणि बायोमेट्रिक लॉक करा. नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर सूची क्रमांक 2, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा सारांश, मोफत शोधता येते. विक्री होईपर्यंत महिन्यातून एकदा आपल्या मिळकतीवर नवा दस्त चढलाय का ते पाहा.

राखणदार ठेवला असेल तर त्याला पगारी राखणदार म्हणून लेखी पत्र द्या, पगार बँकेतून द्या. राखणदार कितीही वर्षं राहिला तरी तो मालकाच्या वतीनेच ताबा सांभाळतो, असं सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये स्पष्ट केलं आहे. पण तो राखणदार होता हे दाखवायला कागद लागतोच.

एवढं करूनही घरात अनोळखी कुटुंब सापडलं, तर सामान बाहेर फेकू नका, वीज-पाणी तोडू नका. कायदेशीर मार्गाशिवाय काढलेला माणूस सहा महिन्यांच्या आत विशिष्ट अनुतोष कायद्याच्या कलम 6 खाली दावा करू शकतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्न विचारातच घेतला जात नाही. त्या कुटुंबाशी शांतपणे बोला. तेही फसलेले आहेत आणि तुमच्याजवळ नाहीत असे पुरावे त्यांच्याकडे आहेत: ठगाचा नंबर, यूपीआयच्या नोंदी, करारावरची सही, जाहिरातीचे स्क्रीनशॉट. तक्रार दोघांनी एकत्र दिली तर 'दिवाणी प्रकरण' म्हणून बोळवण करणं कठीण जातं. भारतीय न्याय संहितेतलं फसवणुकीचं कलम 318, बनावट दस्ताचं 336 आणि गृहअतिक्रमणाचं 329 ही कलमं अर्जात लिहा. यूपीआयने गेलेल्या पैशांसाठी त्या कुटुंबाने 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर लगेच फोन करावा, कारण उशीर झाला की खातं रिकामं होतं. घर सोडायची तारीख त्यांच्याकडून लेखी घ्या. त्या मुदतीपुरता म्हणूनही एक पैसा किराया घेऊ नका, नाहीतर खोट्या कराराच्या जागी तुमचा खरा करार उभा राहतो.

किरायाने घर शोधणाऱ्यांसाठी ओळख सोपी आहे. महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्स करार नोंदवणं बंधनकारक आहे आणि नोंदणीत मालकाचा अंगठा लागतो. "नोटरी पुरे, खर्च कशाला" असं म्हणणाऱ्याला डिपॉझिट देऊ नका. वीजबिलावरचं नाव विचारा, आणि त्याच नावाच्या माणसाशी व्हिडिओ कॉलवर बोला.

घर विकलं गेलं की ताबा पावतीवर मीटरचं रीडिंग आणि दिलेल्या चाव्यांची संख्या लिहा, आणि त्याच दिवशी सगळ्या जाहिराती काढून टाका. त्या तशाच राहिल्या तर तुमच्याच फोटोंवर पुढचा डिपॉझिट घेतला जातो, आणि फोन तुमच्या जुन्या नंबरवर येत राहतात.