विमानाच्या बॅटरीची सर्व्हिसिंग: एका कार्यशाळेविषयी अभिप्राय
आमच्या टर्बोप्रॉप विमानाची २४ व्होल्टची निकेल-कॅडमियम बॅटरी आम्ही ज्या कार्यशाळेकडे देतो, तिचे काम मला मनापासून विश्वासार्ह वाटते. निकेल-कॅडमियम आणि लेड-ॲसिड बॅटऱ्यांसाठी तेथे वेगळ्या खोल्या आणि वेगळी हत्यारे आहेत, कारण लेड-ॲसिड बॅटरीतील आम्लाचा अंशही निकेल-कॅडमियम बॅटरीतील पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणात गेल्यास तिचे सेल, म्हणजे आतील वेगवेगळे विद्युतघट, खराब होतात. बॅटरी आधी डिस्चार्ज करून प्रत्येक सेल शॉर्टिंग क्लिपने (सेलची दोन्ही टोके थेट जोडणाऱ्या क्लिपने) शून्य व्होल्टवर आणला जातो, त्यामुळे सेलांमधील असमतोल दूर होतो. त्यानंतर चार्जिंग संपत आल्यावरच शुद्ध पाण्याची पातळी नीट केली जाते. हा क्रम फार महत्त्वाचा आहे. डिस्चार्ज अवस्थेत पातळी खाली दिसते आणि तेव्हाच पाणी भरले, तर चार्जिंगमध्ये द्रावण बाहेर उसळते. क्षमता चाचणीच्या अहवालात प्रत्येक सेलचे व्होल्टेज स्वतंत्र नोंदवलेले असते, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. दुबळा सेल वेळीच ओळखला नाही, तर उड्डाणात बॅटरी अनियंत्रित तापण्याचा धोका वाढतो. तापमान सेन्सरची तपासणीही होते. वेळ मात्र बराच लागतो, म्हणून पर्यायी बॅटरी हाताशी ठेवावी.