कूलंटची गळती: इंजिन बसवण्याआधी की बसवल्यानंतर?

फोक्सवॅगनच्या दुसऱ्या पिढीतील गोल्फमध्ये 2.8 लिटरचे जुने व्हीआर 6 (सहा सिलिंडरचे) इंजिन बसवणाऱ्यांपुढे पहिला प्रश्न कूलंटच्या, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, गळतीचा असतो. या इंजिनात थर्मोस्टॅटचे (तापमानानुसार कूलंटचा प्रवाह उघडणाऱ्या झडपेचे) घर आणि कूलंट फिरवणारा वॉटर पंप यांना जोडणारी प्लॅस्टिकची नळी उष्णतेने कडक व ठिसूळ होते, आणि तिच्या टोकाशी वाळलेल्या कूलंटचा पांढुरका थर दिसला, तर ती हाताळतानाच तुटण्याची शक्यता धरून चालावे.

इंजिन गाडीबाहेर स्टँडवर असताना ही नळी, तिचे ओ-रिंग (सांधा बंद करणारी रबरी कडी), थर्मोस्टॅट आणि वॉटर पंप बदलणे सुखाचे असते, कारण चारही बाजूंनी पाना फिरतो आणि पृष्ठभाग खरवडून स्वच्छ करता येतात. नंतर होझची (रबरी नळ्यांची) तोंडे बंद करून हातपंपाने साधारण 1 बार दाब द्यावा व पंपाच्या दाबमापकाचा काटा खाली येतो का ते पाहावे.

आधी इंजिन बसवून मग गळती शोधण्याच्या बाजूनेही एक खरा मुद्दा आहे: काही गळत्या इंजिन तापल्यावरच उघड होतात, थंड चाचणीत त्या सापडत नाहीत. मात्र गाडीच्या अरुंद बॉनेटखाली तेच काम रेडिएटर आणि आजूबाजूचे भाग काढल्याशिवाय धड होत नाही. खर्च सुट्या भागांचा सारखाच. मजुरी तेवढी दुप्पट. म्हणून मी नळी आधीच बदलेन, शक्यतो धातूची घालून, आणि गरम चाचणी फक्त खातरजमेसाठी ठेवेन. गळतीवर बाटलीतले सीलंट ओतण्याचा मार्ग मी विचारातही घेत नाही.